तबकड्या देऊन टाकण्यापूर्वी

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई आज ओळखलं जातं ते मिरचीच्या बाजारामुळे. पण 1970 च्या दशकात विशी-पंचविशीत असलेल्या इथल्या माणसांशी बोलायला बसलं, की बोलणं कर्ण्याकडे वळतं. नवरात्रात देवळावर चढलेला कर्णा, लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात येऊन पडलेली रेकॉर्डींची पेटी आणि त्या पेटीला कुणाला हात लावू न देणारा लाऊडस्पीकरवाला. मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत गाणं घरात शिरलं ते असं, आधी देवळातून आणि मांडवातून. मग ज्याच्या हाती पिकाचे किंवा पगाराचे चार पैसे आले, त्याने स्वतःसाठीही रेकॉर्डी घ्यायला सुरुवात केली. मोठी एलपी महाग पडायची. सात इंची छोटी तबकडी परवडायची.

ती पिढी आता सत्तरीत आहे. माळवदाची जुनी घरं पाडून त्या जागी स्लॅबची घरं उभी राहताहेत. घर पाडण्याआधी फडताळं आणि कोनाडे रिकामे करावे लागतात, आणि तेव्हा ती पेटी उजेडात येते. प्लेअर कधीच मोडीत गेलेला असतो. मुलगा म्हणतो, "अण्णा, ही सगळी गाणी मोबाईलवर आहेत. कशाला ठेवायच्या?" त्याचं म्हणणं खोटं नाही. मग भंगारवाल्याची हाक ऐकू येते आणि पेटी वजनावर जाते.

माझ्या तरुणपणीच्या पेटीलाही आता दुसरं घर पाहायचं आहे, म्हणून हा विषय मी मुळापासून समजून घेतला. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. रेकॉर्डी देऊन टाकण्यात काहीच गैर नाही, पण देण्याची एक रीत आहे. त्यांच्यावरची गाणी बहुतेक वाचलेली असतात. कोणत्या गावात, कोणी, कोणत्या गाण्यांचा संच जमवला आणि त्यातलं काय वारंवार वाजलं, ही माहिती मात्र त्या पेटीखेरीज कुठेही नसते. पेटी फुटली, की ती माहिती कायमची गेली.

लाखेची आणि विनाइलची

पेटी उघडल्यावर पहिलं काम म्हणजे तबकडीची जात ओळखणं. दहा इंची, जड, हातातून निसटली तर खापरासारखी फुटणारी आणि मिनिटाला 78 फेरे घेणारी ती लाखेची तबकडी. हलकी, किंचित लवणारी, 45 किंवा 33⅓ फेऱ्यांची ती विनाइलची.

लाखेचा आणि आपला संबंध जुना आहे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेसारखा पदार्थ तयार करतात. पोकळ दागिन्यात सोनार जी लाख भरतो, तीच शुद्ध करून तबकडीसाठी वापरली जायची. जगाला लागणारी बहुतेक लाख बंगाल, बिहार आणि छोटा नागपूरच्या जंगलांतून जायची. तबकडीत लाखेचा वाटा साधारण पाव ते तृतीयांश असे. बाकी दगडाची बारीक पूड आणि रंगासाठी काजळी. दगडाची पूड मुद्दाम घातलेली असे. चावीच्या ग्रामोफोनचं डोकं जड आणि त्याची पिन पोलादी. खरखरीत तबकडीवर पिनेचं टोक पहिल्या काही फेऱ्यांतच झिजून खाचेच्या मापाचं होई, त्यामुळे तबकडी कमी झिजे. म्हणूनच प्रत्येक बाजू वाजवली की पिन बदलायची, हा त्या काळचा शिरस्ता होता.

दुसऱ्या महायुद्धात लाखेचा पुरवठा आटला. 1942 साली अमेरिकेने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक मर्यादा घातली आणि विनाइलकडे जाण्याला वेग आला. 1948 मध्ये कोलंबिया कंपनीने बारा इंची एलपी आणली. 1949 मध्ये आरसीए व्हिक्टरने सात इंची, 45 फेऱ्यांची तबकडी आणली. पुढे त्याच आकारात खाचा जवळजवळ कोरून दोन्ही बाजूंना मिळून चार गाणी बसवता येऊ लागली. तिला आपल्याकडे ईपी म्हणत. भारतात लाखेच्या तबकड्या 1970 च्या सुमारापर्यंत निघत राहिल्या. त्यामुळे त्या काळातल्या पेटीत दोन्ही जातींच्या तबकड्या शेजारी शेजारी सापडतात.

सात इंची तबकडीच्या एका बाजूला एकच गाणं असेल आणि ते साडेतीन मिनिटांचं असेल, तर वाजून होईपर्यंत तबकडी सुमारे 157 फेरे घेते. बाहेरून आतपर्यंत खाच एकच असते, वळत वळत गेलेली. ती सरळ केली तर जवळपास 70 मीटर लांब भरेल. त्या खाचेच्या भिंतींवर गायिकेचा आवाज, ढोलकी, हार्मोनियम हे सगळं अतिशय बारीक लाटांच्या रूपात कोरलेलं असतं. त्या लाटांनुसार पिन थरथरते, पिनेमागचा छोटा स्फटिक त्या थरथरीची वीज करतो आणि अँप्लिफायर ती वीज वाढवून कर्ण्यापर्यंत पोचवतो. लाखेच्या तबकडीची खाच रुंद आणि विनाइलची त्याच्या साधारण तृतीयांश. म्हणून दोन्हींच्या पिना वेगळ्या. 78 ची पिन विनाइलवर टेकवली तर गाण्याची वाट लागलीच म्हणून समजावं.

कलकत्त्याहून भोकरदनपर्यंत

भारतात व्यापारी तत्त्वावर गाणी मुद्रित व्हायला 1902 साली कलकत्त्यात सुरुवात झाली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग तेव्हा इथे आला होता आणि त्याने मुद्रित केलेल्या गायिकांत गौहर जान होती. त्या ध्वनिमुद्रणांच्या तबकड्या परदेशात दाबून इथे विकायला येत. 1908 मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना झाला आणि 1928 मध्ये तो दमदमला गेला. पुढची अनेक दशकं, कुत्रा कर्ण्यापुढे बसलेल्या त्या चित्राच्या, एचएमव्ही छापाच्या तबकड्या दमदमहून देशभर जात राहिल्या.

मराठी गाण्याला या माध्यमाने वेगळं वळण दिलं. तीन-सव्वातीन मिनिटांत बसणारं भावगीत लोकप्रिय झालं, त्यात तबकडीच्या मापाचा मोठा वाटा आहे. भावगीताच्या आरंभीच्या गायकांपैकी जी. एन. जोशी 1938 पासून एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं काम पाहत होते. 'स्वरगंगेच्या तीरी' या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी तो सगळा काळ नोंदवला आहे. कोणत्या कलाकाराला माइकपुढे कसं आणलं, हे ज्याला वाचायचं असेल त्याने ते जरूर मिळवावं.

खेड्यापर्यंत तबकडी पोचायला मात्र 1960 नंतरचा काळ यावा लागला. अनेक वस्त्यांत वीज नव्हती. तिथे सेलवर चालणारा एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर मोलाचा ठरला. उचलून शेतावर नेता येईल एवढा तो लहान होता. लाऊडस्पीकरवाला बॅटरीवर किंवा जनरेटरवर अँप्लिफायर चालवायचा. गाण्यांची निवडही त्याचीच. सकाळी भक्तिगीतं आणि अभंग, जेवणावळीच्या वेळी चित्रपटगीतं, रात्री लावण्या आणि कव्वाल्या. सुलोचना चव्हाण, शाहीर साबळे, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप हे आवाज आमच्या भागात आधी कर्ण्यातूनच ओळखीचे झाले.

1972 साली 'पिंजरा' आला. राम कदम यांचं संगीत, जगदीश खेबुडकर यांची गीतं आणि उषा मंगेशकर यांचा आवाज. ज्यांनी हा चित्रपट थिएटरात पाहिला नव्हता, त्यांनाही गाणी पाठ होती. 1971 च्या 'सोंगाड्या'पासून दादा कोंडके यांच्या चित्रपटांची गाणी सुरू झाली. 1975 मध्ये 'जय संतोषी माँ'ची गाणी देवळांवर गेली. त्याच वर्षी आलेल्या 'शोले'चे संवाद पुढे पॉलिडोर कंपनीने तबकडीवर काढले आणि लोक गाण्यांसारखे संवादही पुन्हा पुन्हा ऐकू लागले. हा सगळा माल मुंबई-औरंगाबादच्या दुकानांतून तालुक्याला आणि तिथून एसटीच्या टपावरून गावात यायचा.

एक तबकडी जवळून

माझ्या पेटीतली 'पिंजरा'ची सात इंची तबकडी समोर घेऊन सांगतो, म्हणजे तबकडीवर गाण्याखेरीज काय काय असतं ते कळेल.

पाकिटावर जांभळ्या शाईचा रबरी शिक्का आहे. एका साउंड सर्व्हिसचा, आणि त्याखाली 'ता. भोकरदन, जि. औरंगाबाद'. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. तोवर भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे हा शिक्का त्याआधीचा, आणि ही तबकडी माझ्याकडे येण्यापूर्वी भाड्याने वाजत होती. एका शिक्क्यातून एवढं कळतं.

लेबलवर पेन्सिलीने दोन आकडे आहेत. एक लाऊडस्पीकरवाल्याच्या पेटीतला क्रमांक, दुसरा बाजूचा. अंधारात, मांडवाच्या गोंधळात तबकडी चटकन सापडावी म्हणून ही सोय. पहिल्या बाजूच्या लेबलवर शाईची मोठी फुली आहे. लोक मागतात ती हीच बाजू, ही त्याने स्वतःसाठी केलेली खूण.

आता तबकडी उजेडात तिरकी धरायची. दुसरी बाजू अजून काळीभोर आणि चकचकीत आहे. पहिल्या बाजूचा बाहेरचा पट्टा राखाडी पडलाय, आतला पट्टा त्यामानाने बरा. म्हणजे पहिलं गाणं वाजलं, की पिन उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली जात होती. दोन गाण्यांमधल्या रिकाम्या जागेत बारीक ओरखडे आहेत, घाईत उचललेल्या आणि टेकवलेल्या पिनेचे. कोणत्या गाण्यावर गाव फिदा होतं, याची नोंद त्या राखाडी पट्ट्यात आहे. विक्रीच्या आकड्यांतून हे कळत नाही, कारण विकली गेली तबकडी एकच, आणि ती ऐकली शेकडो माणसांनी.

मधल्या लेबलभोवतीच्या गुळगुळीत भागात बारीक अक्षरं कोरलेली असतात. तो मुद्रणाचा क्रमांक. लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या यादीतला, आणि हा कोरलेला क्रमांक ज्या धातूच्या साच्यातून तबकडी दाबली त्याचा. एकच गाणं पुन्हा मुद्रित झालं असेल किंवा दुसऱ्या आवृत्तीत आलं असेल, तर फरक इथे सापडतो. जाणकार संग्राहक आधी लेबल पाहतो आणि लगेच इथे येतो.

याच पेटीतल्या आणखी एका तबकडीचं मूळ पाकीट हरवलंय. तिला अनंत भालेराव संपादक होते त्या 'मराठवाडा' दैनिकाच्या कागदाचं पाकीट करून घातलं आहे. रद्दीच्या कागदात आम्ल असतं, तो तबकडीला चांगला नाही, म्हणून तबकडी मी साध्या कोऱ्या पाकिटात हलवली. पण वर्तमानपत्राचा तो तुकडा फेकला नाही. त्यावरच्या तारखेमुळे ती तबकडी साधारण केव्हापासून घरात आहे, ते कळतं.

पेट्या बंद का पडल्या

1980 च्या दशकात कॅसेट आली आणि सगळं झपाट्याने बदललं. कॅसेटचा टेपरेकॉर्डर स्वस्त होता, एसटीतही वाजायचा, आणि कॅसेटवर कॅसेट भरून घेता यायची. 1983 मध्ये गुलशन कुमार यांच्या कंपनीने स्वस्त कॅसेटचा धंदा मोठ्या प्रमाणावर सुरू केला. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं, त्या स्थानिक गायकांच्या कॅसेट जिल्ह्याजिल्ह्यांत निघू लागल्या. लोकसंगीतासाठी ही चांगलीच गोष्ट झाली. पण तबकडीचे दिवस सरले. प्लेअरची पिन झिजली की तालुक्याच्या दुकानात दुसरी मिळेना. एका पिनेपायी अख्खी पेटी मुकी झाली.

पुढे सीडी आली, मग मोबाईल. जुनी एचएमव्ही म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया. तिने 2000 मध्ये सारेगामा हे नाव घेतलं आणि 2017 मध्ये पाच हजार गाणी आधीच भरलेला 'कारवाँ' रेडिओ बाजारात आणला. तबकडीवर जे ऐकलं, त्यातलं बरंच आज बटण दाबताच ऐकता येतं. पेटीची गरज उरली नाही, असं घरच्यांना वाटतं ते यामुळेच.

मन का धजत नाही

तरीही हात आखडतो. याला कारण आहे. माणसाला आयुष्यातल्या सगळ्या वर्षांच्या आठवणी सारख्या ठळक नसतात. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणीही जास्त आणि जास्त स्पष्ट येतात, हे मानसशास्त्रज्ञांना अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्या वयात ऐकलेली गाणीही तशीच पक्की बसतात. अमेरिकेतले अभ्यासक रसेल बेल्क यांनी 1988 मध्ये मांडलं, की जवळच्या वस्तू माणूस स्वतःचाच विस्तार मानतो. मग ती वस्तू देणं म्हणजे आपल्यातलंच काही तोडून देणं वाटतं. ज्याने पहिल्या कमाईतून पहिली तबकडी घेतली, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

यावर एक साधा उपाय प्रयोगातून निघाला आहे. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत जुन्या वस्तू दान करण्याची मोहीम घेण्यात आली. काही ठिकाणी नुसतं दानाचं आवाहन केलं, तर काही ठिकाणी 'आधी वस्तूचा फोटो काढा, मग द्या' असं सुचवलं. फोटोचं सुचवलं होतं, तिथे सुमारे 15 टक्के जास्त वस्तू जमा झाल्या. हा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ असा, की माणूस पुष्कळदा वस्तूला धरून बसतो ते आठवण हरवेल या भीतीने. आठवणीची सोय लागली, की वस्तू सोडणं जमतं. तबकड्यांच्या बाबतीत ही सोय मन हलकं करतेच, शिवाय तिचा पुढच्या अभ्यासकालाही उपयोग होतो.

'यंग इंडिया'ची गोष्ट

खाजगी पेट्या किती मोलाच्या असू शकतात, याचं महाराष्ट्रातलं उदाहरण 'यंग इंडिया' या छापाचं आहे. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने 1935 ते 1955 या काळात या नावाने तबकड्या काढल्या. मोठ्या कंपन्यांशी करार नसलेले, नवखे, हौशी असे अनेक कलाकार त्यात होते. कंपनी बंद झाली. बडी कंपनी टिकते तेव्हा तिची जुनी मुद्रणंही कुठेतरी टिकतात. छोटी कंपनी गेली, की तिचं गाणं उरतं ते लोकांच्या घरांतल्या तबकड्यांवरच.

1990 मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी राहिली. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनिअर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. सुरेश चांदवणकर आणि संग्राहक नारायण मुलाणी यांनी तिची सुरुवात केली. किनिअर यांनी 1899 ते 1908 या काळातल्या ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय मुद्रणांची तपशीलवार सूची ग्रंथरूपात केली. संस्थेने 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालवलं आणि सभासदांनी आपापल्या तबकड्यांचे क्रमांक, कलाकार, वर्षं यांची जुळणी केली. पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीच्या योजनेतून चांदवणकर यांनी 'यंग इंडिया'च्या तबकड्यांचं डिजिटल रूपांतर करण्याचा प्रकल्प हाती घेतला. हे काम होऊ शकलं, कारण कुणीतरी पन्नास वर्षं त्या तबकड्या भंगारात न घालता सांभाळल्या होत्या.

आपल्या भागातल्या पेट्यांतही असं काही असू शकतं. एखाद्या शाहिराची, कव्वालाची, जलसाकाराची थोड्या प्रती निघालेली तबकडी. ती आणि लाखोंनी खपलेली चित्रपटाची तबकडी भंगारवाल्याच्या तराजूत सारखीच. म्हणून तराजूआधी नजर हवी.

देण्याची रीत

पहिलं, यादी करावी. वहीत रकाने आखावेत: कंपनीचं नाव, लेबलवरचा क्रमांक, कोरलेला क्रमांक, कलाकार, चित्रपट किंवा प्रकार, तबकडीची स्थिती. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: कुठून आली, कोणत्या प्रसंगी वाजली, पाकिटावर कोणाचं नाव किंवा शिक्का आहे. हा रकाना मालकाखेरीज कुणीही भरू शकत नाही. लिहिणं जड जात असेल, तर नातवाने मोबाईलवर आजोबांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं आणि मग उतरवून घ्यावं.

दुसरं, फोटो. दोन्ही बाजूंची लेबलं, पाकीट पुढून-मागून, आणि तिरक्या उजेडात खाचांचा एक.

तिसरं, स्वच्छता. इथे चूक झाली तर भरून येत नाही. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये, लाख त्यात विरघळते. तिला मऊ, जेमतेम ओलसर कापड पुरे. विनाइल स्वच्छ पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब टाकून पुसता येतं, पण लेबलला पाणी लागू देऊ नये. तबकड्या आडव्या थप्पीने न ठेवता उभ्या ठेवाव्यात. पत्र्याच्या छताखाली तर मुळीच ठेवू नयेत. आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याखालच्या पेटीत विनाइल वाकतं, आणि वाकलेली तबकडी सरळ करणं कठीण असतं.

चौथं, वाटण्या. एका बाजूला सगळीकडे मिळणाऱ्या चित्रपटांच्या तबकड्या. दुसऱ्या बाजूला छोट्या कंपन्यांच्या, स्थानिक कलाकारांच्या, किंवा ज्यांचं गाणं इंटरनेटवर शोधूनही सापडत नाही अशा. या दुसऱ्या ढिगातल्या तबकड्या कुठेही देण्याआधी त्यांचं डिजिटल रूपांतर करून घ्यावं. चांगला प्लेअर, योग्य पिन आणि संगणकाला जोडणारं यंत्र एवढं लागतं. फाइल एमपी3 करण्याआधी मूळ मोठ्या स्वरूपात, निदान 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झवर जपावी. ध्वनी-संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही किमान एवढंच सांगितलं आहे.

पाचवं, कायदा. स्वतःची तबकडी विकायला किंवा द्यायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. त्यावरचं गाणं इंटरनेटवर टाकणं मात्र वेगळं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. 1960 साली निघालेल्या मुद्रणाचा हक्क 2020 अखेर संपला. गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत चालतो. ग. दि. माडगूळकर 1977 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गीतांचा हक्क 2037 अखेरपर्यंत राहील.

सहावं, घर. किमतीबद्दल आधीच मनाची तयारी करावी. अमेरिकेत 2022 साली विनाइलच्या 4 कोटी 10 लाख तबकड्या खपल्या आणि सीडी 3 कोटी 30 लाख. 1987 नंतर प्रथमच विनाइल पुढे गेलं. अशा बातम्या वाचून लोकांना वाटतं, पेटीत सोनं आहे. पण संग्राहक पैसे मोजतो ते न झिजलेल्या तबकडीला आणि दुर्मीळ मुद्रणाला. गावभर वाजलेल्या तबकडीला बाजारात भाव येत नाही. सर्वत्र मिळणाऱ्या तबकड्या मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातल्या विक्रेत्यांना द्याव्यात, किंवा ज्याच्याकडे प्लेअर आहे अशा तरुण रसिकाला खुशाल द्याव्यात. दुर्मीळ वाटणाऱ्यांची यादी आणि फोटो आधी रेकॉर्ड कलेक्टर्स सोसायटीसारख्या जाणकारांना दाखवावेत. चित्रपटांशी संबंधित असतील, तर 1964 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारावं. कुठेही न विचारता पेटी पाठवू नये. संस्थांना जागा मर्यादित असते आणि त्यांच्याकडे नसलेलंच त्यांना हवं असतं.

आणि संच फोडावा लागला, तरी यादी फोडू नये. तिची एक प्रत तबकड्यांसोबत जावी, दुसरी घरात राहावी, तिसरी गावच्या वाचनालयात किंवा शाळेत द्यावी. पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावाच्या महसुली नोंदी सापडतात, निवडणुकांचे निकाल सापडतात, पावसाचे आकडे सापडतात. 1975 साली तिथली माणसं आनंदाच्या प्रसंगी काय ऐकत होती, हे कुठल्याही दप्तरात नाही. ते लिहून ठेवू शकणारे लोक अजून आपल्यात आहेत, आणि त्यांची संख्या दरवर्षी घटते आहे. म्हणून घर पाडायचा मुहूर्त ठरला असेल, तर त्याआधीचे दोन दिवस या वहीसाठी राखून ठेवावेत. वही पूर्ण झाली, की पेटी निश्चिंत मनाने ज्याच्या त्याच्या हवाली करावी.